"रेझ्युमेत लिहायला काहीच नाही" म्हणणाऱ्यांसाठी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा टी.वाय. बी.कॉम.ला आहे, मूळचा पारनेर तालुक्यातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. आत्तापर्यंत ६१ टक्के, एक बॅकलॉग होता तो निघाला. कॅन्व्हावर रेझ्युमे बनवला, नोकरी डॉट कॉमवर दीडशेएक ठिकाणी अप्लाय केलं, एकही फोन आला नाही. आणि शेवटी लिहिलंय, "मॅडम माझ्याकडे रेझ्युमेत टाकायला काहीच नाही, इंटर्नशिप नाही, प्रोजेक्ट नाही, पुण्यात ओळख पण नाही, शनिवार रविवार फक्त मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो."

तो "फक्त" वाचला आणि मी हे उत्तर लिहायला बसले. मी १७ वर्षं भरतीचं काम करतेय, आधी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, नंतर खराडीला फायनान्सचं काम बघणाऱ्या एका कंपनीत, आणि आता वर्षातले चार-पाच महिने कॉलेजांमध्येच जातात. या सगळ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "मॅम, मी तसं काही केलेलं नाही." आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना स्वतःलाच तसं वाटत असतं.

एक किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी अकाउंट्स पेएबलसाठी, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्यांची बिलं तपासून त्यांचे पैसे चुकते करायच्या कामासाठी, फ्रेशर घेत होतो. मंचरकडची एक मुलगी आली. रेझ्युमेवर हार्ड वर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर, हॉबीज म्हणजे रीडिंग आणि लिसनिंग म्युझिक. आमचे सगळे प्रश्न संपले, ती दोन दोन शब्दांत उत्तरं देत होती, फाईल उचलून निघालीच होती, आणि मी सहज विचारलं की सुट्टीत गावी गेलीस की काय करतेस. म्हणाली, घरचं दूध संकलन केंद्र आहे ना मॅम, ते मीच बघते. म्हटलं बस जरा. तर सकाळ संध्याकाळ मिळून ११० गवळ्यांचं दूध, प्रत्येकाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून लागणारा भाव, पावती, दर १० दिवसांनी प्रत्येकाचं बिल, त्यातून पशुखाद्याची उचल वजा करायची, कुणी म्हणालं माझं फॅट कमी लावलं तर जुन्या पावत्या काढून दाखवायच्या, आणि मग पेमेंट. अरे, हेच तर अकाउंट्स पेएबल आहे! व्हेंडर, इन्व्हॉइस, डिडक्शन, डिस्प्यूट, पेमेंट सायकल, सगळं त्यात आलं. आमच्याकडे हे शिकवायला आम्ही दोन महिने घालवतो. ती मुलगी सिलेक्ट झाली, आज टीम लीड आहे. पण मला अजून टोचतं ते हे की मी तो एक प्रश्न विचारला नसता तर ती गेली असती, आणि ज्यांना मी विचारला नाही ते किती गेले असतील.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर: रेझ्युमे बाजूला ठेव, कॅन्व्हा बंद कर. एक वही घे आणि मराठीत लिही. इंग्रजीत लिहायला बसलास की डोक्यात दुसऱ्याचीच वाक्यं येतात, "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" वगैरे, ती मी हजारो वेळा वाचलेली आहेत आणि त्यातून मला त्या मुलाबद्दल काहीही कळलेलं नाही. मराठीत लिही की दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तू काय काय करतोस. किती वाजता जातोस, दिवसाला बिलं किती होतात, टॅलीत एन्ट्री कोण करतं, उधारीची वही कुणाकडे असते, महिनाअखेरीला स्टॉक मोजताना तू असतोस का, एखादा खिळ्याचा बॉक्स कमी भरला तर तू काय केलंस, जीएसटीसाठी सीएकडे काय पाठवावं लागतं आणि ते कोण जमवतं. कुठला कॉन्ट्रॅक्टर पैसे थकवतो आणि त्याच्याकडून ते कसे काढता. दोन पानं सहज होतील बघ.

मग त्यातून तीन-चार ओळी निघतात. समज तू वहीत लिहिलंस की "मामाची उधारीची वही होती ती मी मोबाईलवर आणि मग एक्सेलमध्ये टाकली, आता कोणाचे किती दिवस झाले ते लगेच कळतं." याचं रेझ्युमेत असं होतं: ६० ग्राहकांच्या उधारीची नोंद एक्सेलमध्ये आणली, ३० दिवसांच्या वर थकलेल्यांची यादी दर आठवड्याला काढून वसुलीचे फोन केले. साध्या इंग्रजीत लिही, तुझ्या तोंडात बसेल असंच. आकडा मात्र खरा पाहिजे. ६० मी असंच लिहिलंय, तू जाऊन वही मोज, ४३ निघाले तर ४३ लिही. ४३ असा आकडा वाचला की मला वाटतं या पोराने खरंच मोजलंय, आणि मी इंटरव्ह्यूत त्यावरच पहिला प्रश्न विचारते, त्यातला सगळ्यात जुना थकलेला कोण होता आणि त्याचं काय झालं. ज्याने केलंय तो यावर पाच मिनिटं बोलतो, मराठी मीडियमचा असला तरी अडखळत का होईना बोलतो, कारण त्याला माहिती असतं.

"दुकानात बसतो" हे शिक्षणाच्या खाली, अनुभव म्हणून लिही. दुकानाचं नाव, ठिकाण, कधीपासून, शनिवार-रविवार. पगार मिळत नाही म्हणून तो अनुभव नाही असं कुणी सांगितलं तुला? मामाचं दुकान आहे हे लपवायचं पण नाही, कुणी विचारलं तर सरळ सांगायचं की घरचं आहे.

दुकान नसलेल्यांसाठी पण लिहिते कारण हे वाचणारे सगळे काही बी.कॉम.चे नसतील. गणपती मंडळाची वर्गणी आणि दहा दिवसांचा हिशोब ज्याने ठेवला, एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला ५० पोरांच्या जेवणाचं ज्याने बघितलं, ज्या मुलीने खालच्या मजल्यावरच्या तीन पोरांच्या ट्यूशन घेतल्या, फर्ग्युसन रोडच्या कॅफेत ज्याने संध्याकाळची शिफ्ट केली, जो रात्री डिलिव्हरी करतो, या सगळ्यांकडे लिहायला आहे. इंजिनीअरिंगवाल्यांचं उलटं असतं, त्यांच्याकडे प्रोजेक्ट असतो पण तो चौघांचा असतो, आणि रेझ्युमेवर चौघांचंही तेच वाक्य असतं. मी एकाच कॉलेजचे गठ्ठे बघते, एकाच ग्रुपचे चार रेझ्युमे एकामागोमाग येतात. तुम्ही त्यातलं काय केलं ते लिहा. लॉगिन पेज केलं असेल तर लॉगिन पेज लिहा, सेन्सरचं वायरिंग केलं असेल तर वायरिंग लिहा. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर कृपा करून तो मुख्य म्हणून टाकू नका, दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

आणि सदाशिव पेठेचा विषय निघालाच आहे तर एमपीएससीवाल्यांबद्दल. दोन वर्षं अभ्यासिकेत बसून प्रिलिम निघाली नाही किंवा मेन्सला राहिलं, आता नोकरी शोधायचीय, आणि रेझ्युमेत ती दोन वर्षं गायब केलेली असतात. नका करू तसं. गॅप दिसतोच, आणि लपवलेला गॅप उघड्या गॅपपेक्षा वाईट दिसतो. एक ओळ लिहा, अमुक ते अमुक राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी, प्रिलिम पास असेल तर ते. मी स्वतः अशी मुलं घेतलेली आहेत, सलग बसायची सवय त्यांच्याइतकी कुणाला नसते.

आता रेझ्युमे दिसायला कसा असावा. यात फार डोकं घालू नको. एक पान, एकच कॉलम, पांढऱ्यावर काळं, साधा फॉन्ट. ते डाव्या बाजूला निळी पट्टी, एक्सेलला पाचपैकी चार स्टार, आयकॉन, हे सगळं काढ. कारण सांगते. मोठ्या कंपनीत तुझा रेझ्युमे आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो, त्याला एटीएस म्हणतात, ते फाईलमधला मजकूर वाचून रकान्यांत भरतं. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स असले की बऱ्याचदा डावीकडचं वाक्य उजवीकडच्यात घुसतं, आणि मजकूर चित्रात असेल तर काहीच वाचलं जात नाही. तपासायचं सोपं आहे, पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर, तिथे ओळीने नीट वाचता आलं तर ठीक.

पण एटीएसची जी भीती घातली जाते ना, की मशीनच तुम्हाला रिजेक्ट करतं, पैसे द्या आम्ही स्कोअर वाढवून देतो, तिला भुलू नको. आम्ही त्यात शोधतो, टॅली, जीएसटी, एक्सेल, पुणे, पासआऊटचं वर्ष असं टाकून, जे येतात त्यातले वरचे काही उघडतो. आणि अप्लाय करताना जे प्रश्न असतात, नाईट शिफ्ट चालेल का, पदवी कुठली, त्याच्या उत्तरावर गाळणी लागते. म्हणजे एवढंच की जाहिरातीत जो शब्द आहे तो तुझ्याकडे खरोखर असेल तर त्याच शब्दात लिही. ते "बँक रिकन्सिलिएशन" म्हणतायत आणि तू दुकानाची बँक एन्ट्री जुळवत असशील तर तू पण बँक रिकन्सिलिएशन लिही.

आधार नंबर, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय का, पासपोर्ट साईज फोटो, खाली डिक्लरेशन आणि सही, हे काही नको. आधार तर अजिबात नको, रेझ्युमे कुठे कुठे फिरतो याचा पत्ता लागत नाही. एमएस-सीआयटी लिही पण त्याच्या जिवावर एक्सेल येतं म्हणू नको, आमच्याकडे २० मिनिटांची एक्सेल टेस्ट असते, व्हीलूकअप आणि पिव्होट तिथल्या तिथे करायला लावतो. नसेल येत तर आठ दिवस रोज एक तास बस, मामाच्याच दुकानाचा डेटा घे, येतं. ईमेल आयडी नाव आणि आडनावाचा. फाईलला पण तुझं नाव दे, माझ्याकडे "न्यू रेझ्युमे फायनल" नावाच्या फायली रोज येतात आणि डाउनलोडमध्ये कुठली कुणाची ते कळत नाही.

सध्या अजून एक झालंय, चॅटजीपीटी. मी त्याच्या विरोधात नाही, इंग्रजी व्याकरण तपासायला जरूर वापर. पण गेल्या दोनेक वर्षांत माझ्याकडे येणारे रेझ्युमे एकाच माणसाने लिहिल्यासारखे झालेत, सगळ्यांनी काहीतरी "स्पीअरहेड" केलंय, सगळ्यांनी काहीतरी "लीव्हरेज" केलंय, आणि समोर बसल्यावर त्याच शब्दाचा अर्थ विचारला की मान खाली. वहीचं पान आधी, मशीन नंतर. मशीनला सांग माझीच वाक्यं ठेव, फक्त चुका काढ.

मार्कांबद्दल एकच गोष्ट, पण ती फार गंभीर आहे. ६० टक्क्यांची अट असते आणि कुणाचे ५९.६ असतात, तो ६० लिहितो. असं करू नका, हात जोडून सांगते. ऑफर दिल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, मार्कशीट विद्यापीठाकडून तपासली जाते, आणि मग जॉइन झालेल्या मुलाला काढावं लागतं. मी स्वतः एका मुलाला असं पत्र दिलंय. चांगला मुलगा होता, त्याचे वडील गेटवर येऊन थांबले होते. ०.४ टक्क्यांसाठी. त्याने खरं लिहून मेल केला असता तर कदाचित मी मॅनेजरशी बोलून काहीतरी केलं असतं, खोटं निघाल्यावर माझ्याही हातात काही राहत नाही. तुझे ६१ आहेत आणि बॅकलॉग निघालाय, त्यात लाजण्यासारखं काही नाही, विचारलं तर कुठल्या विषयाचा होता आणि कसा काढला ते सांग.

आता शोधायचं कसं. दीडशे ठिकाणी अप्लाय केलंस म्हणजे दीडशे वेळा बटण दाबलंस. पोर्टल वाईट नाहीत, नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि आम्ही ते रोज वापरतो, पण आम्ही कसं वापरतो ते तुला कुणी सांगितलेलं नसतं. आलेले अर्ज आम्ही बघतोच, पण त्याहून जास्त आम्ही स्वतः डेटाबेसमध्ये शोधतो, आणि शोधताना गाळणी लावतो की गेल्या ७ किंवा १५ दिवसांत ॲक्टिव्ह असलेलेच दाखव. म्हणून प्रोफाईल भरून सोडून देऊ नको, दर आठवड्याला लॉगिन कर, एखादी ओळ सुधार. प्रोफाईलच्या मथळ्यात "फ्रेशर लुकिंग फॉर जॉब" लिहू नको, "बी.कॉम., टॅली, जीएसटी डेटा, दोन वर्षं दुकानाचा हिशोब, पुणे" असं काही लिही. आणि फोन उचल. अनोळखी नंबर म्हणून न उचलणारी निम्मी मुलं असतात आणि मी दुसऱ्यांदा फोन करत नाही, करायला वेळच नसतो.

बी.कॉम.ला पुण्यात कुठे कुठे काम आहे याचा नकाशा डोक्यात पाहिजे. खराडी, मगरपट्टा, कल्याणीनगर, येरवडा इकडे परदेशी कंपन्यांचं अकाउंटिंग होतं, तिथे पदाचं नाव "अकाउंटंट" नसतं, एपी (म्हणजे अकाउंट्स पेएबल) असोसिएट, प्रोसेस असोसिएट, ऑर्डर टू कॅश अशी नावं असतात, तू "अकाउंटंट फ्रेशर" शोधत बसलास तर ती दिसणारच नाहीत. चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगावला कारखाने आणि त्यांचे छोटे व्हेंडर, तिथे स्टोअर्स, डिस्पॅच, परचेस असिस्टंट लागतात, ई-वे बिल काढणारा, चलन जुळवणारा माणूस लागतो. हार्डवेअरच्या दुकानात बसलेल्या पोराला बोल्ट, बेअरिंग, फिटिंग यांची नावं माहिती असतात, साईज माहिती असतात. स्टोअर्सवाला मॅनेजर या गोष्टीवर किती खूश होतो तुला कल्पना नाही, मी चाकणला असताना एम.कॉम. झालेल्या मुलांना एम ८ आणि एम १० बोल्ट दाखवून फरक शिकवलाय. तुझ्यासाठी माझ्या मते ही सगळ्यात जवळची वाट आहे आणि तू ती यादीतच धरलेली नसणार, कारण एसी ऑफिस नाही.

तिसरं म्हणजे सीए फर्म. पेठांमध्ये, कोथरूडला, कर्वे रोडला गल्लोगल्ली आहेत. पैसे सुरुवातीला कमी, पण वर्षभरात जे शिकतोस ते दुसरीकडे तीन वर्षांत शिकत नाहीस. इथे पोर्टल चालत नाही, प्रत्यक्ष जायचं. पण कधी जायचं ते बघ. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्याच्या दोन दिवस आधी गेलास तर तुझ्याकडे मान वर करून कुणी बघणार नाही. २२ ते २८ च्या दरम्यान दुपारी जा. आणि इन्कम टॅक्सच्या सीझनला हात लागतात, त्यासाठी एप्रिल-मेमध्येच जाऊन सांगून ठेव.

पदवी झाली की अप्रेंटिसशिप पण बघ, नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नोंदणी करायची, आता ती फक्त इंजिनीअरसाठी राहिलेली नाही, बी.कॉम., बी.ए.वाल्यांना पण आहे. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, त्यात पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरवलेलं होतं. अर्ज सध्या चालू आहेत का ते महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर बघायचं, एजंटला विचारायचं नाही.

आणि "ओळख नाही". यावर जरा थांबते. मुलांच्या डोक्यात ओळख म्हणजे कंपनीत डायरेक्टर असलेला काका. तसं नसतं रे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी बोस्टनजवळच्या एका उपनगरात लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यातल्या फक्त १७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. याचं कारण पण साधं आहे, तुझ्या रूममेटला तेच माहिती असतं जे तुला माहिती असतं. दुकानात माल घ्यायला येणारा भोसरीचा वर्कशॉपवाला, माल घेऊन येणारा कंपनीचा सेल्समन, मामाचा सीए, मेसमध्ये समोर बसणारा तो चार वर्षं मोठा मुलगा, कॉलेजचे दोन वर्षांपूर्वीचे पासआऊट, हीच तुझी ओळख. दर शनिवारी ती तुझ्या काउंटरवर येते, आणि तू त्यांना सांगितलेलंच नाहीस की तू नोकरी शोधतोयस. खरं ना? लाज वाटते. ती लाज मला कळते, मी पण बाहेरून आलेली आहे पुण्यात, पहिल्या नोकरीसाठी वडिलांच्या मित्राला फोन करायला मला तीन आठवडे लागले होते आणि तो माणूस म्हणाला अगं आधी का नाही सांगितलंस, गेल्याच महिन्यात एक जागा भरली.

सांगताना मात्र "काही असेल तर बघा" असं म्हणू नको. ऐकणाऱ्याला काय बघायचं ते कळत नाही आणि तो विसरतो. असं सांग, किंवा व्हॉट्सॲपवर लिही: "नमस्कार सर, मी अमुक हार्डवेअरमध्ये शनिवार-रविवार असतो, आपली बिलं मीच करतो. यंदा बी.कॉम. पूर्ण होतंय. जूनपासून स्टोअर्स किंवा अकाउंट्स असिस्टंटचं काम शोधतोय, भोसरी-चाकण चालेल. आपल्या किंवा ओळखीच्या युनिटमध्ये कुणाशी बोलू शकतो का? रेझ्युमे सोबत जोडतोय." बास. लिंक्डइनवर पण हेच, फक्त "डिअर सर, काइंडली रेफर मी" एवढंच पाठवून थांबायचं नाही. दिवसाला पाच माणसं, वहीत नाव, तारीख, काय म्हणाले. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण, मग सोडून द्यायचं, राग धरायचा नाही.

एक धोक्याचं सांगते कारण दरवर्षी कुणीतरी रडत फोन करतं. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा कुणीही असो, रजिस्ट्रेशन म्हणो, ट्रेनिंग म्हणो, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणो, तिथून उठायचं. मोठ्या कंपनीचं लेटरहेड आणि खाली जीमेलचा पत्ता असेल तर ते पत्र खोटं समज. ओरिजिनल मार्कशीट कुणालाही ठेवायला द्यायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची. बाँडवर (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन असा करार) सही सांगितली तर कागद घरी आणून वाच, किती महिने आणि किती रुपये ते बघ, "आत्ताच सही कर नाहीतर जागा जाईल" म्हणाले तर जाऊ दे ती जागा. आणि पैसे गेलेच तर लगेच, त्याच तासाला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, लाजून दोन दिवस घालवू नको.

ऑफर आली की सीटीसी (कंपनी तुझ्यावर करणार तो एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यात गोंधळ होतो, घरी सांगितलेलं असतं २५ हजार आणि खात्यात येतात २१. धर सीटीसी वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५,०००. बेसिक त्याच्या निम्मा, १२,५००. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० हा त्यातच धरलेला असतो, ग्रॅच्युइटीचे ६०० च्या आसपास पण त्यातच. उरले २२,९००. त्यातून तुझा पीएफ १,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, हातात २१,२००. फेब्रुवारीत टॅक्स ३०० जातो. यात व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर अजून कमी. पीएफ तुझाच आहे, तो बुडत नाही, पण खोलीचं भाडं आणि मेस २१ मध्ये बसवायची आहे हे आधी माहिती पाहिजे. आणि चाकणची नोकरी असेल तर कंपनीची बस कुठून आहे ते ऑफरच्या आधी विचार, ते विचारण्यात काही गैर नाही.

इंटरव्ह्यूबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. एकच कर, वहीतली ती दुकानाची गोष्ट दीड मिनिटात मोबाईलवर रेकॉर्ड कर, आधी मराठीत मग इंग्रजीत, आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पाचव्या वेळेला बरा वाटायला लागतो. इंग्रजी अडलं तर "सर, कॅन आय एक्स्प्लेन दिस इन मराठी" म्हणायचं, पुण्यात समोरच्या टेबलावर कुणीतरी मराठी असतंच, आणि चाकणला तर इंटरव्ह्यूच अर्धा मराठीत होतो. हिंजवडीला बोलावलं असेल तर वाकडच्या पुलाचा हिशोब धरून एक तास आधी नीघ.

तुझ्या प्रश्नात असंही होतं की आधी एम.बी.ए. करू का. फी भरायला घरी कर्ज काढावं लागणार असेल तर माझं मत नाही, आत्ता नाही, आधी दोन वर्षं काम कर, मग कशात करायचं ते तुला कळेल.

आता येत्या शनिवारी दुकानात जाशील तेव्हा ती वही बरोबर ने. बिलं मोज, उधारीवाले मोज, मामाला विचार की मी नसतो त्या दिवशी काय काय अडतं. ते सगळं लिहून त्या पानाचा फोटो काढून मला पाठव. रेझ्युमे नको पाठवू, ते पान पाठव, त्यावरून आपण बसून ओळी काढू.